तिसरी लाट येऊन जाईपर्यंत दाढ थांबेल का?

कोपरखैरण्याच्या एका वाचक ताईंचं जुलै 2021 मधलं पत्र, थोडक्यात, आणि त्याला मी दंतवैद्य म्हणून तेव्हाच दिलेलं उत्तर:

‘घरात आम्ही सहा माणसं. मिस्टर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी आहेत. सासूबाई 63 वर्षांच्या, त्यांना शुगर आहे. एप्रिलमध्ये घरात सगळ्यांनाच कोरोना झाला. सासूबाई घरीच औषधांवर बऱ्या झाल्या. त्यांची खालची डावी दाढ गेल्या वर्षीच्या लॉकडाऊनपासून दुखते. मेडिकलमधून दोनदा अँटिबायोटिक आणून दिलं, तेवढ्यापुरतं थांबलं. आता महिन्याभरात दुसऱ्यांदा गाल सुजलाय. भाकरी खाणं सुटलंय. शुगर 250 च्या खाली येत नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. मी दातांच्या डॉक्टरकडे नेऊ म्हणते. मिस्टर आणि दीर म्हणतात, मास्क काढून तोंड उघडून बसायचं म्हणजे कोरोनाला आमंत्रण, तिसरी लाट येऊन जाऊ दे, मग बघू. सासूबाई काहीच बोलत नाहीत, मशेरी लावून गप्प बसतात. त्यांची लसही राहिलीय. मी हट्टानं नेलं आणि काही झालं, तर जन्मभर माझ्या नावानं बोलतील. न्यावं की थांबावं? आणखी एक. आठ वर्षांच्या मुलीच्या शेवटच्या दाढेवर काळा डाग आहे. दुधाची दाढ आहे, पडून जाईल, म्हणून तिकडे लक्ष दिलेलं नाही.’

ताई,

न्या. आणि याच आठवड्यात न्या. बाकीचं सावकाश बोलू, पण त्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सूज गालावरून जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, तोंड दोन बोटंही उघडेना, घोट गिळताना त्रास व्हायला लागला, लाळ बाहेर येऊ लागली, थंडी वाजून ताप आला किंवा श्वास जड झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात न्यायचं. खालच्या दाढेचा पू जिभेखाली आणि गळ्यात पसरला, तर तो श्वास अडवू शकतो. हे क्वचित होतं, पण शुगर असलेल्या माणसात त्याची भीती जास्त असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. जाणं धोक्याचं आणि थांबणं बिनधोक, असं तुमच्या घरात सगळ्यांनी धरून चाललंय. तुम्हीही तेच धरून चालला आहात, म्हणून तर अपराधी वाटतंय. पण गेल्या सव्वा वर्षात थांबून काय झालं ते बघा. आधी नुसती ठणकणारी दाढ आता गाल सुजवते. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते, नस मरते आणि मुळाच्या टोकाशी पू धरतो. नस मेली किंवा पुवाला बाहेर यायला वाट मिळाली की ठणका थांबतो आणि घरातल्यांना वाटतं, बरं झालं. अँटिबायोटिकनं आजूबाजूच्या हाडातला, हिरडीतला जंतुसंसर्ग दबतो. पण मेलेल्या दाताच्या आत रक्तच फिरत नाही, तिथं औषध पोचणार कसं? जंतूंचं घर दाताच्या पोकळीत तसंच राहतं. म्हणून दोन्ही वेळेला कोर्स झाल्यावर दुखणं परत आलं. आता तिसऱ्यांदा मेडिकलमधून गोळ्या आणू नका. दाढ आतून साफ करून रूट कॅनाल करणं किंवा ती काढून टाकणं, हे दोनच इलाज आहेत.

मला सगळ्यात जास्त खटकला तो शुगरचा आकडा. शरीरात कुठंही पू असला की शुगर चढते, आणि शुगर चढलेली असली की पू लवकर आटोक्यात येत नाही. त्यात सासूबाईंचं खाणं बदललंय. भाकरी सुटली म्हणजे त्या काय खात असतील याचा अंदाज येतो. चहात बुडवलेली खारी, मऊ भात, साबुदाण्याची खीर, केळं. चावायला न लागणारं जवळजवळ सगळंच शुगर वाढवणारं. म्हणजे दुखणारी दाढ दोन वाटांनी त्यांची शुगर वर ढकलते आहे आणि तुम्ही गोळी वाढवताय. डॉक्टरांनी गोळी वाढवली तेव्हा त्यांना दाढेचं सांगितलं होतं का? सव्वा वर्ष झालं, दवाखान्यात कोणी मास्क खाली करा म्हणत नाही, त्यामुळे कोणाच्या तोंडात काय चाललंय ते कुणालाच दिसलेलं नाही. शुगरच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा की आईंच्या दाढेत पू आहे. ‘शुगर कमी झाल्याशिवाय दाढ काढत नाहीत’ हे तुम्ही ऐकलं असेल. ठरवून करायच्या कामाला ते लागू आहे. पुवाला वाट करून देण्याचं काम शुगर जास्त म्हणून लांबवत नाहीत. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलून ते करतात.

तुमच्या मिस्टरांची भीती मात्र मी उडवून लावणार नाही. 2020 च्या मार्चमध्ये आम्हा दंतवैद्यांनाही तीच होती. दात कोरायच्या एरोटरमधून आणि दात साफ करायच्या मशीनमधून पाण्याचा बारीक फवारा उडतो, त्यात लाळ मिसळते, आणि पेशंटला मास्क लावता येत नाही. म्हणून लॉकडाऊनमध्ये बहुतेक क्लिनिक बंद राहिली. 19 मे 2020 ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं नियम दिले, त्यात फोनवर आधी चौकशी आणि मुख्यतः तातडीचीच कामं असं सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही म्हटलं की जिथं साथ पसरलेली आहे तिथं नेहमीची तपासणी, दात साफ करणं वगैरे पुढं ढकला. पण त्याच सूचनेत सूज, पू, असह्य दुखणं यावर उपचार चालू ठेवा असंही होतं. ‘पुढं ढकला’ तेवढं घराघरांत पोचलं. उरलेलं पोचलं नाही. सासूबाईंचं दुखणं त्या उरलेल्या भागात बसतं.

त्यानंतर कामाची पद्धतही बदलली. पेशंट एकामागून एक वेळ देऊन बोलावतात. दोघांच्या मध्ये खिडक्या उघडून खोली मोकळी ठेवतात. डॉक्टर आणि मदतनीस एन-95 मास्क आणि फेस शील्ड घालतात. काम सुरू करण्याआधी पोव्हिडोन आयोडीनच्या किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणानं चूळ भरायला देतात. त्या द्रावणाची ताकद डॉक्टर ठरवतात, म्हणून घरच्या घरी मेडिकलमधून आणून रोज करू नका, थायरॉइडचा त्रास असेल तर आयोडीन मुळीच नको. दातांचा एक्स-रे फोटोही तोंडात फिल्म घालून न काढता संपूर्ण जबड्याचा बाहेरून काढता येतो, म्हणजे उबळ येऊन खोकला होत नाही. आणि पुष्कळदा दाढ काढायला एरोटर लागतच नाही.

हे सगळं फोनवर विचारा, संकोच करू नका. दोन पेशंटमध्ये किती वेळ ठेवता? खोलीला उघडणारी खिडकी आहे का? बाहेर किती जण बसलेले असतात? नीट उत्तर देणारं क्लिनिक निवडा, आणि कपाळाला आठ्या घालणारं सोडून द्या. मिस्टर आणि दीर घरी असताना मोबाइल स्पीकरवर ठेवून हा फोन करा. तुमच्या तोंडून ऐकलेलं त्यांना सुनेचा हट्ट वाटेल, तेच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की विचार करतील.

मिस्टरांना मी एवढंच विचारेन. मे 2020 मध्ये कोरोनामुळे वाशीचं एपीएमसी (बाजार समितीचं) मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. तरी मार्केट उघडल्यावर ते कामावर गेले, कारण त्यावर घर चालतं. गर्दीत, गोणी पाठीवर घेऊन, मास्क लावून गेले. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. गरजेसाठी काळजी घेऊन धोका पत्करणं या घराला नवं नाही. आईसाठी अर्धा तास मोकळ्या खोलीतल्या खुर्चीत बसण्याचा धोका रोजच्या बाजारापेक्षा किती मोठा आहे, याचा त्यांनी शांतपणे विचार करावा. आणि तिसरी लाट कधी येईल, किती मोठी असेल, येऊन कधी जाईल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. आज रुग्ण कमी आहेत, रिक्षा, बस मिळते, दवाखाने चालू आहेत. लाट आलीच, तर हीच दाढ तेव्हा ठणकेल आणि हॉस्पिटलात खाट मिळायची मारामार असेल.

आता ‘माझ्या नावानं बोलतील’ याबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त हेच टोचलं. नेलं आणि काही झालं तर सुनेनं केलं. नेलं नाही आणि काही झालं तर नशीब. थांबायचा निर्णय कोणी घेतला, ते कोणी विचारणार नाही. म्हणून हा निर्णय एकट्या अंगावर घेऊ नका. रात्री सगळे घरी असताना बोला, आणि सुरुवात सासूबाईंपासून करा. दाढ त्यांची आहे, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांचं मत कुठंच नाही. त्या गप्प आहेत म्हणजे त्यांना यायचं नाही, असं गृहीत धरू नका. माझ्याकडे येणाऱ्या त्यांच्या वयाच्या बायका बहुतेक दोन कारणांनी गप्प असतात. एक, दाढ काढली की नजर जाते ही जुनी भीती. डोळ्यांच्या नसा वेगळ्या, दातांच्या वेगळ्या. दाढ काढल्यानं नजरेला काहीही होत नाही, हे मी खात्रीनं सांगते. दोन, पैसे. पोराची हजेरी बुडाली, त्यात माझ्या दातावर खर्च कशाला, हे त्या तोंडानं बोलत नाहीत. खर्चाचा प्रश्न असेल तर नवी मुंबईत दंत महाविद्यालयं आहेत, नेरुळला, बेलापूरला, खारघरला, कामोठ्याला. तिथं शिकणारे डॉक्टर ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खासगी क्लिनिकपेक्षा बराच कमी येतो. वेळ थोडा जास्त जातो. सध्या कोणती ओपीडी कोणत्या दिवशी आहे ते आधी फोन करून विचारा. आणि जमलं तर सोबत मिस्टरांनी किंवा दिरांनी जावं. आईचा हात धरून मुलगा गेला, की पुढं बोलायला कुणाला जागा राहत नाही.

मशेरीवरून त्यांना ओरडू नका. गावाकडं दाढ दुखली की मशेरी लाव, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तंबाखूनं थोडा वेळ बधिर होऊन बरं वाटतंच. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीचं रक्ताभिसरण कमी होतं, जखम भरायला उशीर लागतो, आणि वर्षानुवर्षं लावणाऱ्यांच्या गालाच्या आत पांढरे चट्टे येऊ शकतात, त्यातले काही पुढं कॅन्सरकडे जातात. डॉक्टरांना सांगा, दाढ बघताना गाल, जीभ, हिरड्या सगळं बघा. दाढ काढल्यावर मशेरी बंद ठेवावीच लागेल, त्या दिवसांत सुटली तर कायमची सुटू शकते. 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी, मोफत नंबर आहे. तो त्यांच्या मोबाइलमध्ये घालून द्या, लावायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या.

एप्रिलचा कोरोना मी विसरलेली नाही. तेव्हाची फाइल काढून बघा, त्यात डेक्सामेथासोन किंवा मिथाइल प्रेडनिसोलोन अशी नावं आहेत का. ती स्टेरॉइड आहेत. कोरोना, स्टेरॉइड आणि चढलेली शुगर हे तिन्ही एकत्र आले की म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीचा धोका वाढतो. त्याची सुरुवात बहुतेक नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांत होते, म्हणून वरचा जबडा धरला जातो. सासूबाईंची दाढ खालची आहे आणि दुखणं कोरोनाच्या आधीचं, त्यामुळे तो संशय कमी आहे. तरी हे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी लिहिते, कारण आपल्या राज्यात याच उन्हाळ्यात याचे खूप रुग्ण झाले आणि मे महिन्यात केंद्रानं राज्यांना प्रत्येक रुग्णाची नोंद बंधनकारक करायला सांगितलं. कोरोना होऊन गेलेल्या माणसाचे वरचे दात अचानक हलायला लागले, टाळूवर काळा डाग किंवा जखम दिसली, एका बाजूचा गाल बधिर झाला, नाकातून काळपट किंवा रक्ताचा स्राव आला, डोळा सुजला किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा विभाग असलेल्या हॉस्पिटलात जा. यात दिवस मोजायला वेळ नसतो.

लसीचं म्हणाल तर बरं झाल्यावर तीन महिन्यांनी घ्यायची असं सांगितलंय, म्हणजे त्यांची वेळ आलीच आहे. आधी दाढ. सूज आणि ताप उतरला की लस. दाढ काढली म्हणून लस लांबवायचं कारण नाही. फक्त दोन्ही एकाच दिवशी नकोत, नंतर ताप आला तर तो कशाचा हे कळायला हवं.

जायच्या दिवशी सकाळची पहिली वेळ मागा. तेव्हा खोली रात्रभर मोकळी राहिलेली असते. उपाशीपोटी नेऊ नका. नाश्ता आणि शुगरची नेहमीची गोळी दोन्ही झालेलं असू दे, नाहीतर खुर्चीतच शुगर उतरून घाम फुटेल. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका, सांगा. रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं आठवण्यापेक्षा ते बरं. सोबत एकच माणूस. तोपर्यंत दुखलं तर पॅरासिटामॉल. मेडिकलमध्ये मिळणारी जोराची पेनकिलर शुगर आणि ब्लडप्रेशरच्या माणसाच्या किडनीला झेपत नाही. गालावर गरम शेक देऊ नका, सूज पसरते. बाहेरून गार फडकं ठेवा, आतून कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरू द्या. लवंग तेल लावायचं तर कापसाला टिपूसभर, किडक्या खड्ड्यातच, हिरडीला लागलं की पोळतं. दाढ काढून झाल्यावर बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा, त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. मिठाच्या चुळा दुसऱ्या दिवसापासून, हलक्या हातानं. जेवण गार आणि मऊ, पण मऊ म्हणजे गोड नव्हे. मुगाचं वरण, गार केलेली नाचणीची पातळ आंबील, दही, कुस्करलेलं अंडं, हे सगळं चालतं.

घरी गेल्यावर मोरीतला ब्रशचा ग्लास बघा. सहा माणसांचे ब्रश एकाच स्टीलच्या ग्लासात, डोकी एकमेकांना टेकलेली, असंच बहुतेक घरांत असतं. एप्रिलनंतर ते बदललेत का? नसतील तर सगळे बदला आणि ज्याचा त्याचा वेगळा, उभा, वाऱ्यावर सुकेल असा ठेवा. एकाच्या तोंडातलं दुसऱ्याकडे जायची ती सोपी वाट आहे.

आणि मुलगी. ताई, ती दाढ बहुधा दुधाची नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे आईबापांना ती आल्याचं कळतच नाही. तिला समोर बसवा आणि दोन मधल्या दातांमधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जा. डाग सहाव्या दातावर असेल, तर ती आयुष्यभराची दाढ आहे, तिच्या जागी दुसरी येणार नाही. गेलं वर्षभर शाळा मोबाइलवर, हातात बिस्किटाचा पुडा, प्रतिकारशक्तीसाठी गुळाचा काढा आणि व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या आंबट गोळ्या, हे कोपरखैरण्यापासून घोडबंदर रोडपर्यंत घरोघरी चाललंय. दर वेळी काही गोड तोंडात गेलं की पुढची वीस-तीस मिनिटं दातावर आम्ल काम करतं, आणि चघळायची गोळी तर स्वतःच आंबट. गोळी द्यायचीच असेल तर गिळायची द्या. काढा जेवणासोबत, झोपताना नको. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्यानं चूळ, ब्रश अर्ध्या तासानं. रात्री फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन तुम्ही स्वतः तिची मागची दाढ घासा, फेस थुंकला की वर पाणी नको, मग काही खायचं नाही. डाग लहान असेल तर एरोटर न वापरता हातातल्या उपकरणानं कीड खरवडून सिमेंट भरता येतं. त्यात फवारा उडत नाही आणि पोर घाबरतही नाही. सासूबाईंबरोबर त्याच दिवशी तिला नेऊ नका, खोलीत एक माणूस कमी असलेला बरा. पण फोनवर त्यांची वेळ घ्याल, तेव्हाच तिचीही पुढच्या आठवड्यातली वेळ मागून ठेवा.